मनाची मशागत आणि एका लॅटिन शब्दाचा प्रवास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी शेती होती, पुस्तकं नव्हती. उन्हाळ्यात नांगरट उरकली, कुळवाच्या दोन पाळ्या झाल्या, की अब्बा बांधावर बसून एक वाक्य हमखास म्हणायचे, ‘‘जमीन नुसती काळी असून भागत नाही, मशागत लागते.’’ आम्हा भावंडांपैकी कुणी परीक्षेत गटांगळी खाल्ली, की पुन्हा हेच वाक्य. फक्त जमिनीच्या जागी डोकं. पुढे बी.ए.ला असताना ग्रंथालयात सिसरोच्या लेखनाचा एक अनुवाद हाती लागला. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा रोमन वकील अब्बांचंच वाक्य बोलत होता. मी पान उलटून पुन्हा वाचलं. तेच. जमीन कितीही सुपीक असली तरी मशागतीवाचून पिकत नाही, तसंच मनाचं.

मी लॅटिनचा पंडित नाही, हे आधीच सांगून टाकतो. कवीला शब्दकोश चाळण्याचा नाद असतो, तेवढाच माझा अधिकार. पण त्या दिवसापासून ‘कुल्तुरा’ या लॅटिन शब्दाचा माग काढायची सवय लागली. इंग्रजीतला ‘कल्चर’ आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. तो याच ‘कुल्तुरा’चा नातू. पण इंग्रजी ही लॅटिनची पोटची मुलगी नव्हे. पोटच्या मुली म्हणजे इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, कातालान, रुमानियन. आईचा हा दागिना त्यांच्यापैकी कुणी रोज अंगावर वागवून झिजवला, कुणी पेटीतून पुन्हा काढून घातला. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

मूळ धातू ‘कोलेरे’. त्याचे अर्थ पाहा : जमीन कसणं, एखाद्या ठिकाणी वस्ती करून राहणं, निगा राखणं, आणि देवाची पूजा करणं. एकाच क्रियापदात शेत, घर आणि देव्हारा. भाषाशास्त्रज्ञ याच्याही मागे जातात आणि सांगतात की, फिरणं, वळणं, वावरणं या अर्थाच्या एका फार जुन्या धातूपासून ‘कोलेरे’ आला. त्याच धातूपासून संस्कृतात ‘चरति’ आणि ‘चक्र’ झाले. म्हणजे आपले आचार, चरित्र, आचरण हे शब्द ‘कुल्तुरा’चे दूरचे चुलतभाऊ ठरतात. ज्या जागेत माणूस रोज वावरतो, तिची तो निगा राखू लागतो, असा हा अर्थाचा ओघ असावा.

या कुटुंबाचा पसारा मोठा आहे. शेत कसणारा तो ‘कोलोनुस’. जिंकलेल्या मुलखात अशा लोकांना जमिनी देऊन वसवलं, की ती ‘कोलोनिया’. ऱ्हाइन नदीकाठच्या एका वस्तीला रोमनांनी इसवी सन ५० मध्ये हा दर्जा दिला आणि पुढे तिचं नावच कोलोन पडलं. लहानपणी ताप आला की आई कपाळावर ओडिकोलनच्या पट्ट्या ठेवायची, त्या बाटलीवरचं नाव याच गावाचं. मेक्सिको शहरात ‘कोलोनिया’ म्हणजे शहरातली वस्ती, अगदी आपल्या ‘कॉलनी’सारखी. आपल्या ‘वसाहत’ शब्दालाही साम्राज्याची वसाहत आणि कामगारांची वसाहत असे दोन्ही अर्थ आहेतच. आणखी एक नातेवाईक म्हणजे ‘इन्किलिनो’. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज तिन्हींत हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ भाडेकरू! भाडेकरू आणि संस्कृती यांचं रक्ताचं नातं आहे, हे घरमालकांना सांगून पाहायला हरकत नाही.

लॅटिनमधलं जे सर्वांत जुनं अखंड गद्य पुस्तक आज उपलब्ध आहे, ते शेतीवरचं आहे. केटो नावाच्या करड्या रोमन पुढाऱ्याने इसवी सनापूर्वी १६०च्या सुमारास ते लिहिलं. नाव ‘दे आग्री कुल्तुरा’, म्हणजे शेताच्या मशागतीविषयी. ऑलिव्ह कसं लावावं, दारू कशी मुरवावी, गोठा कसा राखावा, सगळं त्यात आहे. सुरुवातीलाच केटो सांगतो की, आपले पूर्वज एखाद्याला चांगला माणूस म्हणत, तेव्हा चांगला शेतकरी म्हणत. हे वाचून माझी छाती फुगली होती. पण थोडं पुढे गेलं की हाच केटो मालकाला सल्ला देतो : म्हातारे बैल विकून टाक, म्हातारा गुलाम विकून टाक, आजारी गुलामही विक. म्हणजे चांगला शेतकरी तो मालक. प्रत्यक्ष मशागत करणारा अवजारांच्या यादीत. ‘कुल्तुरा’ हा शब्द आपल्यापर्यंत आला तो या यादीसकट, हे विसरून चालत नाही.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी सिसरो. इसवी सनापूर्वी ४५च्या फेब्रुवारीत त्याची लाडकी लेक तुलिया बाळंतपणानंतर गेली. राजकारणातून तो आधीच बाजूला पडला होता. त्या दुःखात त्याने लिहिण्याचा सपाटा लावला. तुस्कुलुम इथल्या आपल्या बंगल्यातली पाच दिवसांची पाच संभाषणं, अशी त्यातल्या एका पुस्तकाची मांडणी आहे. मरण, वेदना, शोक असे त्याचे विषय. वेदनेवरच्या दुसऱ्या संभाषणात समोरचा माणूस त्याला अडवतो. तत्त्वज्ञान शिकलेली किती माणसं वाईट वागताना दिसतात, मग त्याचा उपयोग काय? हा प्रश्न आपणही शिकलेल्यांविषयी विचारतोच. सिसरो म्हणतो, कसलेलं प्रत्येक शेत पिकतंच असं नाही. पण न कसलेलं तर पिकणारच नाही. आणि मग तो ‘मनाची मशागत’ असा शब्दप्रयोग करतो. तण उपटायचं, जमीन तयार करायची, पेरायचं. ‘कुल्तुरा’ शेतातून माणसाच्या आत शिरला तो असा, एका बापाच्या दुःखात.

इथे एक मराठी गोष्ट सांगायलाच हवी. ‘मनाची मशागत’ आपण इतक्या सहज म्हणतो की ‘मशागत’ कुठून आला हे विचारत नाही. तो अरबी ‘मशक्कत’, म्हणजे कष्ट. फारसीच्या वाटेने मराठीत आला, थेट शेतात उतरला आणि मातीत इतका मिसळला की आता वेगळा काढता येत नाही. आमच्या घरात ‘तहजीब’ हा शब्दही होता. तोही अरबी, आणि झाडाची छाटणी, खजुराच्या झाडाचे धागे काढून ते साफ करणं हा त्याच्या मुळाचा एक अर्थ. रोमनाला नांगर आठवला, अरबाला कोयता.

सिसरोचा हा अर्थ लगेच रुजला असं मात्र नाही. होरेस या कवीने तो एकदा वापरला. ख्रिस्ती लेखकांनी ‘कुल्तुरा’ देवपूजेसाठी वापरला. इकडे साम्राज्याच्या उतरणीला जमीन कसणाऱ्या ‘कोलोनुस’ची अवस्था वाईट होत गेली. इसवी सन ३३२ मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइनने हुकूम काढला : पळालेले कोलोनुस सापडले तर मूळ जमिनीवर परत पाठवा, आणि पळण्याच्या बेतात असतील त्यांना बेड्या घाला. आपल्याकडे खंडाने जमीन कसणाऱ्याला ‘कूळ’ म्हणतात. उच्चार ऐकून ‘कोलोनुस’शी नातं जोडायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण नातं काही नाही. साम्य आहे ते दोघांच्या नशिबात.

साम्राज्य मोडलं, लॅटिन गावोगावच्या तोंडात वेगवेगळी झाली. शब्द शेतकऱ्याच्या तोंडून उतरला की पोथीतून उचलला, हे ओळखायचं कसं? यासाठी चाकूची कसोटी लावायची. लॅटिनमध्ये लहान चाकू म्हणजे ‘कुल्तेल्लुस’. सुरुवात ‘कुल्त’, अगदी ‘कुल्तुरा’सारखी. चाकू घराघरात वापरला जातो, त्यासाठी कुणी पोथी उघडत नाही. म्हणून चाकूचं जे झालं ते ‘कुल्तुरा’चंही झालं असेल, तर तो शब्द लोकांच्या तोंडून आला. नसेल, तर पंडितांनी आणला.

फ्रेंचमध्ये चाकू झाला ‘कुतो’. मधला ‘ल’ विरघळून गेला. ‘कुल्तुरा’चाही ‘ल’ तसाच विरघळला आणि झालं ‘कुत्यूर’. जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ कसलेलं शेत. आज तो सामान्य बोलण्यातून गेला, पण गावांच्या नावांत आणि आडनावांत शिल्लक आहे. सोळाव्या शतकातला मोठा फ्रेंच कवी रोन्सार १५२४ साली जन्मला, त्या गावाचं नाव कुत्यूर. फॅशनच्या बातम्यांत वाचतो तो ‘कुत्यूर’ मात्र निराळा. तो शिवण या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन शब्दापासून आला आणि झिजून झिजून उच्चाराने याच्याइतकाच झाला. जुळी भावंडं दिसतात, आया वेगळ्या.

पॅरिसच्या मारे भागात एक रस्ता आहे. मारे म्हणजे दलदल. मध्ययुगात मठांनी ती कोरडी करून तिथे शेती केली. सेंट कॅथरिनच्या मठाचं शेत म्हणून त्या जागेला ‘कुत्यूर सँत-कात्रीन’ म्हणत. शेत गेलं, वाडे आले, रस्ता झाला. आणि रस्त्याच्या नावात जुन्या ‘कुत्यूर’च्या जागी पोथीतला ‘क्युल्त्यूर’ येऊन बसला. एकोणिसाव्या शतकात तेही नाव बदलून पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये यांचं नाव दिलं गेलं. शेत, संस्कृती आणि साहित्य एकाच पाटीवर एकामागोमाग.

इटालियनमध्ये चाकू ‘कोल्तेल्लो’ आणि शेतीचा शब्द ‘कोल्तूरा’. कसोटीला बरोबर उतरला. पण इटालियन पंडितांनी पोथीतून ‘कुल्तूरा’ही घेतला, आणि दोन्ही ठेवले. आज पिकाची लागवड ती ‘कोल्तूरा’ आणि विद्या-कलांची ती ‘कुल्तूरा’. फरक एका स्वराचा. शेतकऱ्याचा ‘ओ’ आणि शहाण्याचा ‘उ’. दोघेही घरात राहतात, पण पाट वेगळे.

स्पॅनिशमध्ये चाकू झाला ‘कुचिल्यो’. तिथे ‘ल्त’चा ‘च’ होतो. पुष्कळ या अर्थाचा ‘मुल्तुम’ही ‘मुचो’ झाला. या हिशेबाने ‘कुल्तुरा’च्या जागी ‘च’ असलेलं काहीतरी हवं होतं. पण शब्द आहे तो चक्क ‘कुल्तुरा’. एकही टवका उडालेला नाही, म्हणजे पेटीतला. पोर्तुगीजचं तेच. ‘कुतेलु’ हा खाटकाचा सुरा झिजलेला, ‘कुल्तुरा’ कोरा करकरीत. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे पाव आला, बटाटा आला, चावी आली, पगार आणि लिलावही आले. ‘कुल्तुरा’ आला नाही. बंदरात उतरतात ते हाताळलेले शब्द.

मनाच्या मशागतीची ही उपमा फ्रेंच कवी जोआकिम द्यु बेले याने १५४९ साली भाषेलाच लावली. फ्रेंच दरिद्री आहे, विद्या लॅटिनमध्येच शोभते, असं म्हणणाऱ्यांना तो उत्तर देत होता. रोमन लोकांनी आपली भाषा रानटी जागेतून उचलून कसलेल्या जागेत लावली, तिच्यावर ग्रीकची कलमं बांधली, आपणही तसं करू, असं त्याचं म्हणणं. भाषा मुळात गरीब-श्रीमंत नसते, मशागतीने होते, हे सांगायला त्याने शेतकऱ्याचाच दाखला दिला. मराठीविषयी रडगाणं सुरू झालं की मला हा माणूस आठवतो.

स्पेनमध्ये शब्दाने भलतंच वळण घेतलं. तिथे ‘कुल्तो’ म्हणजे सुसंस्कृत, आणि ‘कुल्तो’ म्हणजेच पूजाविधीही. सतराव्या शतकात लुइस दे गोंगोरा या कवीने लॅटिन वळणाची, लॅटिन शब्दांनी मढवलेली कविता लिहिली. विरोधकांनी तिला नाव दिलं ‘कुल्तेरानिस्मो’. ‘कुल्तो’ला ‘लुतेरानो’ची, म्हणजे लुथरपंथीयाची शेपटी जोडलेली. धर्मन्यायालयाच्या काळातल्या स्पेनमध्ये कुणाला लुथरपंथी म्हणणं ही साधी थट्टा नव्हती. कवितेला पाखंड म्हणायची ही युक्ती जुनीच आहे.

पण याहून मला टोचतो तो उलटा शब्द. स्पॅनिश-पोर्तुगीज ‘इन्कुल्तो’, फ्रेंच ‘अँक्युल्त’, इटालियन ‘इन्कोल्तो’. अर्थ दोन : पडीक जमीन आणि अडाणी माणूस. ज्याच्या कामावरून शब्द निघाला, तोच शेवटी या शब्दाबाहेर. आपल्याकडेही ‘शेतकरी’ला ‘अडाणी’ विशेषण किती पटकन चिकटतं! इटलीत १९१६ साली अंतोनिओ ग्राम्शी या पंचविशीतल्या पत्रकाराने याच मुद्द्यावर लेख लिहिला. संस्कृती म्हणजे डोक्यात कोंबलेली माहिती, ही समजूत घातक आहे. तिने स्वतःला इतरांहून वरचढ समजणारी माणसं तयार होतात, असं तो कामगारांच्या पत्रात सांगत होता. तो सार्डिनिया बेटावरून, गरिबीतून आलेला होता.

रुमानियनची गोष्ट वेगळी. ही भाषा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिरिलिक लिपीत लिहिली जात होती. नांगरण्याचं क्रियापद लॅटिन, नांगराचं नाव ‘प्लुग’ स्लाव वळणाचं, अशी तिची सरमिसळ. तिथल्या शिकलेल्या पिढ्यांनी लॅटिन आणि फ्रेंचमधून शब्द आणून भाषेला पुन्हा माहेरची ओळख दिली, त्यात ‘कुल्तुरा’ आला. ट्रान्सिल्व्हानिया ऑस्ट्रियाच्या सत्तेखाली असताना १८६१ साली सिबियू गावात ‘आस्त्रा’ ही संस्था निघाली. तिच्या लांबलचक नावात रुमानियन साहित्य आणि रुमानियन लोकांची ‘कुल्तुरा’ असे शब्द होते. स्वतःचं राज्य नसलेल्या लोकांनी या शब्दाच्या आडोशाला आपली भाषा जपली. पुढे शंभर वर्षांनी, १९६१ साली, बार्सिलोनात कातालान भाषेसाठी ‘ओम्नियुम कुल्तुराल’ ही संस्था निघाली, तिचंही तेच. फ्रँकोच्या राजवटीने १९६३ मध्ये तिला टाळं लावलं. १९६७ मध्ये ते निघालं. नावात ‘संस्कृती’ असली तरी सरकारला भाषेचा वास आला होताच.

शब्द शेताकडे परत नेण्याचा एक प्रयत्न मात्र स्पेनमध्येच झाला. १९३१ साली प्रजासत्ताक येताच ‘मिसिओनेस पेदागोखिकास’ नावाची योजना निघाली. म्हातारे शिक्षणतज्ज्ञ मानुएल बार्तोलोमे कोस्सीओ तिचे प्रमुख. तरुण मुलं-मुली ट्रकमधून आणि जिथे रस्ता नव्हता तिथे खेचरांवरून डोंगरातल्या गावांत गेली. बरोबर पुस्तकांच्या पेट्या, ग्रामोफोन, सिनेमाचं यंत्र. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या चित्रांच्या हुबेहूब नकला करून घेतल्या आणि त्या गावच्या चावडीत मांडल्या. काही वर्षांत पाच हजारांहून अधिक ग्रंथालयं गावांना दिली गेली. त्या वेळचे फोटो उपलब्ध आहेत. सिनेमाकडे पाहणारे चेहरे, उघडी तोंडं, डोक्यावर रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं. १९३७ मध्ये प्रजासत्ताकाने खंदकांतल्या सैनिकांना अक्षरओळख करून देण्यासाठी ‘कुल्तुराची फौज’ अशा नावाचं शिक्षकांचं पथक उभारलं. १९३९ मध्ये सगळंच संपलं. अनेक शिक्षकांना नोकरी गमवावी लागली, कित्येकांना जीव.

फ्रान्समध्ये देव्हारा आणि शेत यांची वाटणी कायद्याने झाली. ‘क्युल्तुएल’ म्हणजे पूजेसंबंधी आणि ‘क्युल्तुरेल’ म्हणजे संस्कृतीसंबंधी. लिहिताना दोहोंत एका ‘र’चा फरक. १९०५च्या कायद्याने सरकारी पैसा पहिल्याला बंद, दुसऱ्याला चालतो. पॅरिसमध्ये इस्लामी संस्कृतींसाठी महापालिकेने २००६ साली एक केंद्र काढलं. २०१३ साली त्याची दुसरी इमारत उघडली, तेव्हा नमाजाच्या मजल्याची मालकी वेगळी ठेवण्याची व्यवस्था आखावी लागली. खालच्या मजल्यावर प्रदर्शन, वर नमाज आणि मध्ये एका ‘र’ची भिंत. मूळ ‘कोलेरे’ला हे ऐकून गंमत वाटली असती.

आणि आपला शब्द? ‘संस्कृती’ जुनाच आहे, ऐतरेय ब्राह्मणात सापडतो. पण ‘कल्चर’साठी तो आधुनिक मराठीने वापरात आणला. बंगालीत तेव्हा या अर्थाला ‘कृष्टि’ हा शब्द चालू झाला होता. ‘कृष्’ म्हणजे नांगरणं, आपलं ‘जमीन कसणं’ही त्यातूनच आलेलं. म्हणजे ‘कृष्टि’ हे ‘कुल्तुरा’चं तंतोतंत भाषांतर. रवींद्रनाथांना तो शब्द अजिबात आवडला नाही. कानाला आणि मनाला, दोन्हीला. भाषातज्ज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी लिहून ठेवलं आहे की, १९२२ साली पॅरिसमध्ये असताना एका मराठी मित्राच्या तोंडून त्यांनी ‘संस्कृति’ शब्द या अर्थाने ऐकला, परतल्यावर रवींद्रनाथांना सांगितला, आणि त्यांनी तो पसंत केला. म्हणजे मराठी शब्द बंगालला गेला तो पॅरिसमार्गे. कवी म्हणून मला रवींद्रनाथांचा कान कळतो. ‘कृष्टि’ उच्चारायला खडबडीत आहेच. पण शेताचा वास येतो म्हणून तो नको, हे मला पटत नाही. त्या वासाची लाज सिसरोला वाटली नव्हती.

अब्बांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना शहरातल्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर तरुण होते, सांगताना म्हणाले, ‘‘रक्त कल्चरला पाठवलंय. तीन दिवसांनी कळेल.’’ इटलीत अशा तपासणीच्या शब्दात शेतकऱ्याचाच ‘ओ’ असतो, हे मला तेव्हा उगाचच आठवलं. अब्बांनी विचारलं, कल्चर म्हणजे काय करतात? मी सांगितलं, बशीत खाद्य घालतात, त्यावर रक्त टाकतात आणि काय उगवतं ते बघतात. ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘मग तीन दिवस लागणारच.’’